तळघराचा रंग श्रावणात ठरतो

«नमस्कार. नाशिकला गंगापूर रोडला आमचा १९९१ साली बांधलेला बंगला आहे. खाली सव्वाचारशे चौरस फुटांचं तळघर, जमीन कोब्याची (घोटलेल्या सिमेंटची). तिथे मी अठरा वर्षं शिवणक्लास चालवते. कोब्याची भुकटी निघून कापडाला लागायला लागली, म्हणून २०१९ मध्ये लाल ऑईलपेंट मारून घेतला. दिवाळीपर्यंत त्याचे पोपडे निघाले. २०२२ च्या मार्चमध्ये दुसऱ्या पेंटरकडून इपॉक्सी (हार्डनर कालवून लावतात तो कडक लेप) करून घेतलं. त्याने जुना रंग खरवडला, ॲसिडने धुतलं आणि दोन हात मारले. चार लिटरच्या एका डब्यात सगळं झालं, म्हणून स्वस्तात पडलं असं वाटलं. गणपतीत जमिनीला रुपयाएवढे फोड आले. फोडले तर आतून चिकट पाणी. तशाच जमिनीवर आजवर दिवस काढले. आता पेंटर म्हणतो, पीयू (पॉलियुरेथेन) लावू, तो इपॉक्सीचा बाप आहे. मुलगा म्हणतो, आई, टाइल्स बसव आणि मोकळी हो. टिकाऊ रंग नक्की कोणता? आणि लाल घ्यावा की हिरवा?»
– एक वाचक, नाशिक

ताई,

तुमचं पत्र ऐन श्रावणात हातात पडलं, हे फार बरं झालं. फेब्रुवारीत आलं असतं तर मी एखाद्या डब्याचं नाव सांगून मोकळा झालो असतो आणि पुढच्या गणपतीत तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या. तळघराच्या जमिनीला कोणता रंग टिकेल, हे खालून पाणी किती येतंय त्यावर ठरतं, आणि ते पाणी आपल्याकडे वर्षातले चारच महिने तोंड दाखवतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. तीस वर्षं जमिनींवर लेप चढवण्याचं काम केलं. त्यात एक तळघर असं फसलं की अजून आठवलं तरी कान गरम होतात. एका छापखान्याचं तळघर होतं. फेब्रुवारीत जमीन तपासली, खडखडीत कोरडी. कोबाही दगडासारखा. प्रायमर, वर इपॉक्सीचे दोन हात, आरशासारखं काम झालं. मालक खूश, बिल चुकतं. सप्टेंबरात त्यांचा फोन आला. जाऊन बघतो तर जमिनीला देवी आल्यासारखे फोड. रंग चांगला होता, पोरांनी मेहनत केली होती. चूक माझी एकट्याची. परीक्षा घेतली उन्हाळ्याच्या तोंडावर आणि निकाल धरला बारा महिन्यांचा. सगळं पदरचे पैसे घालून खरवडून दिलं.

आता तुमच्या जमिनीकडे येऊ. नाशिकला काय किंवा पुण्याला काय, वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. कातळ स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरुमातून पाणी फिरत असतं. आपल्या विहिरींना पाणी लागतं ते असंच. तळघरासाठी खोदाई करतो तेव्हा आपण एक चौकोनी विहीरच खणतो म्हणा ना. भिंती उभ्या राहिल्यावर भिंत आणि खोदाईच्या मध्ये जी फट उरते, ती माती आणि राडारोडा टाकून बुजवतात. पावसाळ्यात पाणी नेमकं तिथे येऊन बसतं. ते तळघराच्या जमिनीपेक्षा एक मीटर वर चढलं, तर खालून कोब्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टनाचा रेटा बसतो. तो रेटा केसाच्या जाडीएवढ्या रंगाने थोपवायचा?

त्या काळी जे बांधकामवाले मनापासून काम करत, ते तळघराला बाहेरून आणि खालून शहाबादी फरश्यांची ‘बॉक्स’ वॉटरप्रूफिंग करून घेत. तुमच्याकडे झाली होती का, ते जुन्या नकाशांत किंवा त्या वेळच्या बिलांत सापडतं का बघा. झाली असली तरी तीस वर्षांत तिचे सांधे उकलले असतील, पण निदान पाणी कुठून येत असेल याचा अंदाज बांधता येईल. झालीच नसेल, तर तुमच्या कोब्याखाली फक्त सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, आणि काँक्रीट आहे, आणि ओल थेट वर येते आहे. आळीत कुणाकडे जुनी विहीर असेल तर भाद्रपदात तिच्यात डोकावून या. पाणी तुमच्या तळघराच्या जमिनीपेक्षा वर दिसलं, तर पुढचं निम्मं पत्र वाचायची गरज नाही.

दोन्ही वेळेला काय झालं, ते आधी सांगतो. त्यात पेंटरला दोष देण्यासारखं थोडंच आहे.

ऑईलपेंटचं सोपं आहे. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो, आणि ओल वर येताना तो खार बरोबर घेऊन येते. ऑईलपेंट तेलावर बनलेला. तेल आणि खार एकत्र आले की काय होतं? साबण! घरी साबण करणाऱ्या बायका खोबरेल आणि कॉस्टिक घेऊन हेच करतात. तुमच्या तळघरात पावसाळाभर रंगाच्या पोटात साबण होत होता, म्हणून रंग आधी मऊ पडला आणि मग पापुद्र्यांनी निघाला. कोब्यावर ऑईलपेंट कधीही नको, जमीन कोरडी असली तरी नको.

इपॉक्सीला खार असा खाऊ शकत नाही. तिथे गोष्ट वेगळी झाली आणि ती ॲसिडपासून सुरू झाली. बाथरूम धुवायला मिळतं ते ॲसिड कोब्यावर ओतलं की चुन्याशी त्याची क्रिया होऊन एक मीठ तयार होतं, कॅल्शियम क्लोराइड. पावसाळ्यात कपाटात ओल शोषायला ज्या डब्या ठेवतात ना, त्यांत बहुधा हेच मीठ असतं. इतकं ते पाण्याला हावरं. जमीन भरपूर पाण्याने पुन्हापुन्हा धुतली नाही तर हे मीठ कोब्याच्या छिद्रांतच राहतं. वरून इपॉक्सीचं कातडं बसलं. पावसाळ्यात खालून ओल आली, मिठाने ती ओढून घेतली, आणि मनुका भिजत घातल्यावर जशा फुगतात तसे फोड आले. मार्चमध्ये जमीन कोरडी होती, म्हणून पेंटरला शंका आली नसणार. मलाही छापखान्यात आली नव्हती.

खात्री करायची असेल तर हातमोजे घाला, एक फोड फोडा आणि आतल्या पाण्यात चिमूटभर हळद टाका. कुंकवासारखी लाल झाली तर ते पाणी सिमेंटमधून खार घेऊन आलंय. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. उघड्या हाताने मात्र शिवू नका, असं पाणी कातडी जाळतं.

पीयूबद्दल. तो इपॉक्सीचा बाप नाही, फार तर धाकटा भाऊ म्हणा. चांगल्या प्रतीचा पीयू इपॉक्सीपेक्षा उन्हात कमी पिवळा पडतो आणि त्यावर ओरखडे कमी उठतात, म्हणून इपॉक्सीच्या वरचा शेवटचा हात म्हणून तो उत्तम. पण ओल्या कोब्यावर थेट पीयू मारणं म्हणजे दुखण्यात भर. त्यातला हार्डनर, म्हणजे लेप घट्ट करणारं रसायन, पाण्याशी क्रिया करून वायू सोडतो आणि लेपात बुडबुडे, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. पीयू आणि सिमेंट मिसळून केलेला एक जाड लेप असतो, तो ओल सोसतो, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत वापरतात. शिवणक्लाससाठी तो म्हणजे चटणीला पाटा-वरवंट्याऐवजी पिठाची गिरणी घेण्यासारखं होईल.

आता तुमचं काम. हे याच महिन्यात करायचं, पुढे ढकलायचं नाही.

जाड पारदर्शक प्लास्टिकचे अठरा इंची चौकोन कापा, पाच-सहा. जमिनीवर जिथे रंग निघालाय, म्हणजे कोबा उघडा पडलाय, अशा जागा निवडा. एक मधोमध, दोन भिंतींच्या कडेला, एक जिन्याच्या पायथ्याशी, एक जिथे फोड जास्त आले होते तिथे. जागा झाडून, पुसून, वाळू द्या आणि चारही कडा टेपने बंद करा. खोक्यांना लावतात ती तपकिरी टेप धुळीच्या जमिनीवर टिकत नाही, कापडी टेप घ्या. सोळा तास हा नियमातला किमान वेळ. मी तीन दिवस ठेवतो, कारण जमिनीला बोलायला वेळ लागतो. या तीन दिवसांत एकदा तरी धो धो पाऊस झालेला असावा. क्लासच्या मुलींना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी उचलून केरात टाकेल.

मग बघायचं ते असं. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला दव आहे आणि खाली कोरडं, तर तुमची जमीन निर्दोष आहे. पाणी हवेतलं आहे. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा खिडकीतून आत येते आणि गार जमिनीला घाम फुटतो. यावर औषध म्हणजे पावसाच्या दिवसांत तळघराच्या खिडक्या उघड्या न ठेवणं. हे ऐकायला उलटं वाटतं, मला माहीत आहे. आपल्याला लहानपणापासून हवा खेळती ठेवा असं शिकवलेलं. पण तळघर हवेपेक्षा गार असतं, आणि बाहेरची हवा जितकी खेळवाल तितकं पाणी आत आणाल. पाऊस थांबून ऊन पडेल त्या दुपारी काय ते उघडा.

प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील, किंवा कोबा झाकलेल्या जागी काळपट झाला असेल, तर ओल जमिनीतून येतेय. सगळीकडे की फक्त भिंतींच्या कडेला, हे नीट लिहून ठेवा आणि फोटो काढा. आणि भेगेतून किंवा भिंत-जमिनीच्या सांध्यातून पाणी चक्क वाहताना, पाझरताना दिसलं, तर रंगाचा विषय तूर्त बंद.

खालून ओल निघाली की लगेच निराश होऊ नका, आधी बंगल्याभोवती चक्कर मारा. मी बघितलेल्या तळघरांत निम्म्याहून जास्त वेळा ओलीचं मूळ वरतीच सापडलं. गच्चीचा पाइप जोत्याशी आणून सोडलेला. फरसबंदीचा उतार बाहेरच्या ऐवजी घराकडे. भिंतीला लागून जास्वंदीची रांग आणि तिला रोज संध्याकाळी नळी. आणि सगळ्यांत डोळ्याआड राहणारी गोष्ट, जमिनीखालची पाण्याची टाकी. रात्री पंप बंद, नळाचं येणं बंद, टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीची रेघ. सकाळी पाणी रेघेखाली गेलं असेल तर तुमच्या तळघराला रोज पाणी पाजतंय ते कोण, ते कळलं. ड्रेनेजचं चेंबरही एकदा उघडून बघा. हे दुरुस्त करायला जो खर्च येतो तो रंगाच्या खर्चापुढे बहुधा किरकोळ असतो, पण कुणाला तो करायची हौस नसते. रंग दिसतो, पाइप दिसत नाही.

वरची दुरुस्ती झाली की प्लास्टिक पुन्हा लावा, परतीच्या पावसात. दसऱ्याच्या आसपास. आता जो निकाल येईल तो खरा.

खाली कोरडं आलं, तर तुम्हाला हवा तो रंग लावता येईल, आणि माझं मत सरळ आहे. थिनर नसलेलं, दोन भागांचं इपॉक्सी. प्रायमर, वर दोन हात, आणि ऐपत असेल तर शेवटी बिनचमकीच्या पीयूचा एक पातळ हात, कारण चाकांच्या खुर्च्या आणि मशिनचे पाय फिरणार. तुमच्या तळघरात ऊन येत नसेल तर पिवळेपणाची काळजी तशीही नाही. डब्यावर ‘इपॉक्सी’ लिहिलेलं पण हार्डनरचा दुसरा डबा नसलेला रंग दुकानदार पुढे करेल. तो साधा जमिनीचा रंग आहे, थोडं इपॉक्सी नावाला. जिन्याखालच्या अडगळीला चालेल.

खाली थोडी ओल आली, म्हणजे कोबा जरा काळपट पण थेंब नाहीत, तर जाड कातडं चढवायचं नाही. दोन मार्ग आहेत. एक, पाण्यात मिसळणारं दोन भागांचं इपॉक्सी, पातळ दोन हात. ते वाफ थोडीफार वर जाऊ देतं, म्हणून फोड यायची शक्यता कमी. पण झिजेल लवकर, आणि काही वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागेल, हे आधीच मान्य करा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, पण त्याला कुणी रंग म्हणणार नाही. सिलिकेटचं द्रावण मिळतं, दुकानात ‘फ्लोअर हार्डनर’ म्हणून. ते कोब्यात मुरतं, आतल्या मोकळ्या चुन्याशी क्रिया करून त्याचा दगड करतं. भुकटी निघणं थांबतं, आणि थांबवायची ती भुकटीच होती ना? वर कातडं नाही, त्यामुळे सोलून निघण्यासारखं काही उरत नाही. दिसायला मात्र कोबा कोबाच राहतो.

थेंब आले तर तीन भागांचा इपॉक्सी-सिमेंटचा लेप असतो, दोन-तीन मिलिमीटरचा. तो ओल्या कोब्यावर बसतो आणि त्यावर पुढचे हात घेता येतात. महाग पडतं, आणि तो लावणारा माणूस अनुभवी हवा. घराला रंग देणाऱ्या पेंटरने पहिल्यांदा तुमच्याकडे शिकू नये.

पाझर असेल तर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा, भेगांत दाबाने रसायन भरणं, कडेने चर काढून खड्ड्यात पाणी गोळा करणं आणि पंपाने उपसणं, हे त्याचे विषय. त्याला एवढंच विचारा की पाणी बाहेरून अडवणार की आतून. आतून अडवणं म्हणजे पाण्याचा रेटा लेपाला भिंतीपासून ढकलत राहणार. ते अशक्य नाही, पण साध्या लेपाने होत नाही.

मुलाच्या टाइल्सबद्दल बोलायचं राहिलं. पोरगा अगदी चुकत नाहीये. ओल मध्यम असेल तर सिमेंटच्या मसाल्यावर बसवलेली टाइल रंगापेक्षा जास्त दिवस काढेल, कारण वाफ सांध्यांतून वाट काढते. सांध्यांत पांढरा खार फुटेल, तो कोरड्या ब्रशने झाडत बसावं लागेल, एवढंच. शहाबादीही चालली असती, स्वस्त आणि ओलीला सरावलेली, पण शिवणक्लासला ती नको. का, ते शेवटी सांगतो. आणि जुन्या वाड्यांत, कोकणातल्या घरांत लाल कोबा असतो तो तुम्ही पाहिला असेल. त्यात रंग वरून मारलेला नसतो, लाल ऑक्साईड सिमेंटमध्येच कालवलेलं असतं, म्हणून पन्नास वर्षं घासूनही तो लालच राहतो. टिकाऊ रंग कोणता, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे. पण तसा कोबा घोटणारे गवंडी आता शोधावे लागतात, आणि जुन्या कोब्यावर नवा थर म्हणजे तळघराची उंची आणखी कमी. डोक्याला तुळई लागत नसेल तर विचार करा.

समजा इपॉक्सीच ठरलं. मग पेंटरला पहिला प्रश्न विचारा, ‘किती लिटर आणणार?’ तुमचं तळघर साधारण ४० चौरस मीटर. चार लिटर त्यावर पसरलं की एका चौरस मीटरला जेमतेम अर्धा कप येतो, आणि थर होतो एक दशांश मिलिमीटरचा. तोही ओला, आणि दोन हातांचा मिळून. त्यातलं थिनर उडून गेल्यावर काय उरलं असेल? एका हाताचा ओला थर २०० मायक्रॉन, म्हणजे दोन दशांश मिलिमीटर, हवा असेल तर एक लिटर पाच चौरस मीटरला पुरतं. म्हणजे एका हाताला आठ लिटर, दोन हातांना सोळा, आणि रोलरमध्ये, बादलीत वाया जातं ते धरून सतरा-अठरा. प्रायमर वेगळा. जो पेंटर हा हिशेब न करता ‘एका डब्यात होऊन जाईल’ म्हणतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

जुना रंग आणि फोड झालेलं इपॉक्सी पूर्ण काढायचं, हिऱ्याच्या चकतीचं ग्राइंडिंग मशीन लावून, धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमसकट. ॲसिड पुन्हा नाही. एक तर ते मीठ, आणि दुसरं म्हणजे बंद तळघरात ॲसिडची वाफ. ग्राइंडिंगची धूळही साधी नसते, ती फुप्फुसात बसते. कामगारांना तोंडावर रुमाल नको, चांगले मास्क हवेत. ते नसतील तर तुम्ही आणून द्या. घासल्यावर जमीन हाताला बारीक पॉलिशपेपरसारखी लागली पाहिजे. मग तिच्यावर पाण्याचे थेंब टाकून बघा. मिनिटाभरात मुरले तर रंगही मुरेल. मोत्यासारखे उभे राहिले तर अजून काहीतरी वर शिल्लक आहे.

याच वेळी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने जमीन ठोकत फिरा. बद्द आवाज येईल तिथे खडूने गोल करा, तो कोबा खालून सुटलाय, काढून पुन्हा भरायला लागेल. आपल्याकडे गवंडी कोब्याला गुळगुळीत करायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून थापी फिरवतात. त्याची साय धरते. दिसते छान, पण रंग त्या सायीला चिकटतो आणि साय कोब्याला सोडते. तुमची भुकटी निघत होती ती हीच असावी. भेगा असतील तर त्यांच्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी लावून महिनाभर ठेवा. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय, तिला कडक पुट्टीने भरून उपयोग नाही.

लावायचं कधी? मी तुम्हाला फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ सांगेन. नाशिकच्या थंडीत रात्री पारा खाली जातो तेव्हा इपॉक्सी नीट घट्ट होत नाही, वर चिकट, मेणचट थर येतो. पावसाळ्यात लावायचा मोह धरू नका. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २६ अंशांच्या आसपास दव पडायला लागतं, आणि जमीन त्याहून निदान ३ अंश गरम असल्याशिवाय रोलर हातात घ्यायचा नाही. तळघराची जमीन तेवढी गरम कुठली असायला!

रंग आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणात, वजनकाट्यावर. अंदाजाने अर्धा डबा नाही. हळू फिरणाऱ्या मशिनने ढवळायचं, आणि ढवळून झालं की बादलीत ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, जमिनीवर ओतून पसरायचं. बादलीत ढीग राहिला की तो स्वतःच तापतो. उमेदवारीच्या दिवसांत एका मे महिन्यात मी विडी ओढायला बाहेर गेलो आणि परत आलो तो बादलीतून धूर निघत होता, ब्रश आत उभाच्या उभा गाडला गेलेला. ती बादली बरीच वर्षं आमच्या गोदामात स्टूल म्हणून वापरात होती.

तुमच्या तळघरात इन्व्हर्टर असेल तर काम चालू असताना तो बंद. थिनरवाला कुठलाही माल वापरला, नुसतं हत्यारं धुवायला जरी आणला, तरी त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठते आणि ठिणगीची वाट बघत बसते. बाहेर हवा फेकणारा पंखा लावायचा. दुसऱ्या दिवशी चालता येईल, पण मशिनी आठवडाभर खाली आणायच्या नाहीत. क्लासला सुट्टी द्या. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर आणि पायथ्याशी वरच्या हातात बारीक वाळू भुरभुरवून घ्या, पावसात ओल्या चपलांनी उतरणाऱ्या मुली घसरतात. पुढे फरशी पुसायला साधं फिनाईल पुरे, ॲसिड दारातूनही आत येऊ देऊ नका.

आता लाल की हिरवा. ताई, दोन्ही नको. तुमच्याकडे दिवसाला किती टाचण्या आणि सुया पडतात? मशिनची मोडलेली सुई, हेमची टाचणी, लहान मुलं घेऊन येणाऱ्या बायका. गडद जमिनीवर पोलादाची सुई दिसत नाही. शहाबादीला मी नको म्हटलं ते यासाठीच. करड्या रंगावर तर ती हरवतेच. इपॉक्सीत रंगीत चुरा टाकायची हल्ली फॅशन आहे, मळ झाकतो म्हणून. तो सुयाही झाकतो. फिका बदामी किंवा अगदी फिका पिवळसर रंग, आणि चमक नसलेला, कारण चमकत्या जमिनीत ट्यूबलाइटच्या रेघा उमटतात आणि त्यातच सुई लपते. मळ दिसेल, दिसू दे. शेडकार्ड आणाल तेव्हा ते हातात धरून पसंत करू नका. तळघरात खाली ठेवा, दिवा लावा, क्लासमधली सर्वांत बारीक सुई त्यावर टाका, आणि उभं राहून, चष्मा न लावता बघा.